मुलीचा मामा

माझा भाऊ तुरुंगात आहे, हे मी लोणावळ्यात कुणापासून लपवलं नाही. चिक्कीच्या दुकानात दिवसभर बसणारी बाई लपवून लपवणार किती? टीव्हीवर त्याला आणला तेव्हा तोंडावर काळा बुरखा होता, पण खाली गावाचं नाव ठळक अक्षरात होतं, सुदुंबरे. मग गिऱ्हाइकं शेंगदाण्याची चिक्की मागता मागता हळूच विचारायची, "तुमचं माहेर तिकडचंच ना?" मी म्हणायचे, "हो, आणि तो माझाच सख्खा भाऊ. पाव किलो देऊ की अर्धा?" काहीजण चिक्की न घेताच जायचे. जाऊ देत. आमची चिक्की खायला दात घट्ट लागतात आणि माणूसही जरा घट्टच लागतो.

तो कंपनीत कंत्राटी कामगार होता. कामगारांच्या बैठका घ्यायचा, वाचायचा, वाद घालायचा. एका संध्याकाळी कंपनीच्या गेटबाहेरून साध्या कपड्यातल्या लोकांनी त्याला गाडीत घातलं. दोन दिवस आम्ही ठाण्याठाण्यांतून फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर, आमच्याकडे नोंद नाही. नंतर कळलं की बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असल्याचा संशय आहे आणि दहशतवादविरोधी कायदा लावला आहे.

तो निर्दोष आहे असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मी काही त्याच्या खिशात राहत नव्हते. मला तो निर्दोष वाटतो, पण माझ्या वाटण्यावर खटला चालत नाही, आणि चॅनेलवाल्यांच्या वाटण्यावरही चालू नये. दोषी असेल तर कोर्टानं तसं सांगावं, आम्ही मान खाली घालून ऐकू. पण तीन वर्षं होऊन गेली तरी त्याच्यावर नेमके कोणते आरोप ठेवायचे, तेही ठरलेलं नव्हतं. तोवर तो आरोपी. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, एवढं साधं वाक्य मी शिकल्यासवरल्या लोकांनाही इतक्यांदा समजावलंय की आता झोपेतही म्हणेन.

तशी मला कायद्याची काही गोडी नव्हती. आमच्या वकीलबाईंनी शिकवलं ते शिकले. अटक केली तर घरच्यांना कळवावं लागतं. चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं. त्याला स्वतःच्या पसंतीचा वकील मिळाला पाहिजे, दुखलं खुपलं तर डॉक्टर मिळाला पाहिजे. कागदावर सगळं आहे. पण भावाची दाढ दुखायला लागली, गाल सुजला, तर दवाखान्यात न्यायला पोलीस उपलब्ध नाहीत म्हणून तारखेवर तारीख. शेवटी दाढ वाचवण्यासारखी राहिलीच नाही, उपटून टाकली. तिच्या शेजारची पण गेली. मुलाखतीला काचेपलीकडून फोनवर म्हणाला, "आक्का, आता तुझी चिक्की एकाच बाजूनं खावी लागंल." मी हसले आणि बाहेर येऊन भिंतीशी उभी राहून रडले.

अशात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. स्थळ वडगावचं, घर चांगलं, मुलगा रेल्वेत. पसंती झाली त्या दिवशी पाहुणे उठून गेल्यावर मुलीनं मला विचारलं, "आई, मामाला सोडतील का?" ती लहान असताना सुट्टी लागली की मामाच्या सायकलवर बसून सगळं सुदुंबरे फिरायची. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो. मंगलाष्टकं चालू असताना तिच्या पाठीशी उभा राहतो. बाप कन्यादान करतो, पण पाठीशी मामा हवा. मी तिला सांगितलं, मामा येईल. कसा येईल ते मला माहीत नव्हतं, पण मी सांगून बसले आणि मग मागे फिरायचं नाही असं ठरवलं.

व्याह्यांपासून काही लपवायचं नव्हतंच. ते म्हणाले, "आमची हरकत नाही. पण पोलीस, कॅमेरे, उगाच कशाला? तुमच्याकडे चुलत मामा भरपूर आहेत की." बोलले ते काही वाईट नव्हतं. तरी मला राग आला. एका दिवसाच्या जामिनासाठी वकीलबाईंनी अर्ज केला.

अर्ज केला की लग्न खरंच आहे का, याची चौकशी होते. पोलीस लोणावळ्यात आमच्या घरी येऊन गेले, वडगावचं मंगल कार्यालय पाहून आले, आणि सुदुंबऱ्याला माझ्या चुलत भावाकडेही गेले. मला ते माहीत नव्हतं. कळलं ते पुण्याच्या कोर्टात, सरकारी वकिलांनी उभं राहून वाचून दाखवलं तेव्हा. मुलीला दुसरे मामा उपलब्ध आहेत, ते विधी करायला तयार आहेत, तसा जबाब दिला आहे, सबब आरोपीच्या उपस्थितीची आवश्यकता नाही. न्यायाधीशांनी मान हलवली आणि पुढची तारीख दिली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुदुंबरे गाठलं. चुलत भाऊ माझ्याहून मोठा, आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणतो. ओसरीवर बसून चहा पीत होता. मला बघून त्याला आनंदच झाला, म्हणाला, "ये आक्का, लग्नाची तयारी कुटवर आली?"

मी म्हटलं, "भाऊ, पोलिसांना काय सांगितलंस?"

"काय सांगनार? त्यो हवालदार म्हनला, मामा आत हाय, मंग लगीन आडंल का? म्हनलं, आडतंय कशापायी? आमी काय मेलोय का? मी हाय की, म्या उभा ऱ्हातो. चहा पाजून लावून दिला त्याला."

मी कपाळावर हात मारला. पण त्याच्यावर ओरडू तरी कशी? आमच्याकडे लग्नाघरची अडचण कुणी बोलून दाखवली की समोरचा माणूस विचार करत बसत नाही. भांडी नाहीत तर भांडी देतो, टेम्पो नाही तर टेम्पो देतो, मामा नाही तर स्वतः मामा होतो. अडेल असं तोंडातून काढायचंच नसतं. हवालदाराला हे ठाऊक असणार, तोही इथलाच. त्यानं तो चांगुलपणा जबाब म्हणून लिहून घेतला आणि चुलत भावाच्या चांगुलपणानं माझ्या भावाची वाट अडवली.

समजावून सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. "मंग आता काय करू?"

"कोर्टात येऊन सांग, मी उभा राहणार नाही."

"आगं, काय बोलतीस? पोरीच्या लग्नाला म्या न्हाई म्हनू? भर कोर्टात? लोक तोंडात शेन घालतील."

"घालू देत. मी काय रोज गोड खातेय का?"

तो उठला. कपबशी उचलून आत गेला, टोपी घालून बाहेर आला आणि थेट रस्त्याला लागला. मला वाटलं, रागावून गेला. मी दुपारच्या बसनं लोणावळ्याला परतले.

तारखेच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात पोचले तर समोर आमच्या गावचा टेम्पो उभा, आणि त्यातून भावकीतले मामा उतरत होते. म्हातारे, तरुण, कंपनीची सुट्टी टाकून आलेले, सगळे झाडून. भाऊ घरोघर फिरला होता. वकीलबाईंना हसू आवरेना, म्हणाल्या, "एवढे मामा मी एकत्र कधी पाहिले नाहीत." सगळ्यांनी त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रं करून घेतली आणि कोर्टाच्या खोलीत मागच्या भिंतीला टोप्या हातात घेऊन उभे राहिले.

न्यायाधीशांनी कागद चाळले, चष्म्यावरून मागे पाहिलं. "म्हणजे या मुलीला गावातला एकही मामा तयार नाही?"

वकीलबाईंनी चुलत भावाला पुढे केलं. तो हात जोडून म्हणाला, "तयार समदे हायेत, साहेब. पन सख्खा मामा जित्ता असताना आमी त्याच्या जागंवर उभं ऱ्हानार न्हाई. आमच्यात तसं मेल्यावर करत्यात."

न्यायाधीशांनी बराच वेळ लिहिलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत परवानगी, पोलीस साध्या वेशात, कुणा पत्रकाराशी बोलायचं नाही. वकीलबाई पुन्हा उठल्या, म्हणाल्या, बेड्यांचंही स्पष्ट लिहावं. अटक करताना आणि कोर्टात हजर करताना अशा गुन्ह्यांत बेड्यांची मुभा आहे, पण लग्नाच्या मांडवाचा कायद्यात कुठे उल्लेख नाही. न्यायाधीशांनी तेही लिहिलं. जाता येता बेड्या घालू नयेत. त्या एका ओळीचं महत्त्व तेव्हा मला तितकंसं कळलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड जमलं, हळदीचे हात वाळले, मुंडावळ्या बांधून मुलगी आत तयार बसली. मी कार्यालयाच्या दारातच उभी. गाडी आली ती मुहूर्ताच्या तोंडावर. मागचं दार उघडलं आणि माझा भाऊ उतरला. नवा पांढरा सदरा मीच पाठवलेला, तो त्याला ढगळ होत होता. आणि दोन्ही हात पुढे, मनगटांना बेड्या, बेड्यांची साखळी एका पोलिसाच्या हातात.

मी दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"बेड्या काढा," मी अधिकाऱ्याला म्हटलं.

तो अदबीनं बोलला. "मॅडम, केस कुठली आहे तुम्हाला माहिती आहे. माझ्यावर जबाबदारी आहे. पळाला तर माझी नोकरी जाईल."

"पळेल कुठे? मागे तुमची गाडी, चहूकडे तुमची माणसं, पुढे त्याची भाची. आदेशात काय लिहिलंय ते वाचा."

"वाचलाय."

"इथे वाचा. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू द्या."

आत माईकवरून भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला मांडवात घेऊन यावं." कुणी हललं नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. माणसं जेवणाचं, मुहूर्ताचं विसरून दाराकडे सरकली. माझा भाऊ हळूच म्हणाला, "आक्का, जाऊ दे. असाच येतो. शाल टाक हातावर." आणि तेच मला सर्वांत झोंबलं. शाल टाकून झाकायला आम्ही कुणाची चोरी केली नव्हती. मी त्याला म्हटलं, "तू गप उभा राहा."

व्याही धावत आले. मला वाटलं, आता हे मला बाजूला घेणार. पण त्यांची नजर त्या मनगटांवर गेली. टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलेलं असतं, पण हाताच्या अंतरावर पाहणं वेगळं. ते वळले आणि भटजींना ओरडून म्हणाले, "मामा आल्याशिवाय अंतरपाट धरू नका. मुहूर्त गेला तर दुसरा काढा."

अधिकाऱ्यानं फोन लावला, पलीकडचं ऐकलं, परत लावला. तेवढ्यात माझ्या पाठीमागून मुलगी आली. नवरीनं असं दारात यायचं नसतं, मागून बायका अडवत होत्या, पण ती आली आणि माझ्या हाताखालून पलीकडे जाऊन मामाच्या शेजारी उभी राहिली. त्याच्या कोपराला धरून अधिकाऱ्याकडे बघत राहिली.

अधिकाऱ्यानं फोन खिशात टाकला. "काढ रे," तो शिपायाला म्हणाला.

माझा भाऊ मुलीला मांडवात घेऊन आला. मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी ताठ उभा होता, आणि सगळे चुलत मामा त्याच्या मागे. मी अक्षता टाकल्या त्या अर्ध्या मुलीवर आणि अर्ध्या त्याच्यावर. पंगतीत साध्या वेशातले पोलीस त्याच्या दोन्ही बाजूंना बसले होते. चुलत भाऊ त्यांना आग्रह करकरून जिलबी वाढत होता, त्याची सवय काही सुटायची नाही. माझा भाऊ एका बाजूनं सावकाश चावत होता. मी समोर बसून त्याचं जेवण संपेपर्यंत पाहिलं.

संध्याकाळी मुलगी सासरी जायच्या आधीच त्याला निघावं लागलं. सगळे गाडीपर्यंत गेलो. शिपायानं मागचं दार उघडलं. बेड्या शिपायाच्या हातात होत्या, पण त्यानं काही म्हटलं नव्हतं, अधिकाऱ्यानंही नव्हतं. तरी माझ्या भावानं आपणहून दोन्ही हात पुढे केले, मनगटं जुळवून. बोलत माझ्याशी होता, मुलीला जप म्हणून सांगत होता. हात मात्र पुढे झाले, आणि ते झाल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही.

या माणसावर अजून एकही गुन्हा शाबीत झालेला नव्हता.

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि खाली दाबले. "हात खाली घे," मी म्हटलं, "आदेश जातानाही तोच आहे." त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मोकळ्या हातांनीच तो गाडीत चढला. शिपायानं बेड्या पिशवीत टाकून पिशवी बंद करेपर्यंत मी गाडीच्या दारावरचा हात काढला नाही.