बंबाला जोडलेलं पिंप

आईने दोहात आल्याआल्या आमच्या गीझरला नापास केलं. "या पाण्याला ऊबच नाही रे. अंगावरून जातं नि विसरून जातं," ती म्हणाली. बाबा गेल्यावर तिने नाशिकच्या घरात एकटं राहू नये, कायमचं आमच्याकडे अल दुहैलला यावं, असा माझा हट्ट होता. तिने मात्र "थंडीपुरती येते, मग बघू" एवढंच कबूल केलं होतं. त्यामुळे गीझरचं नापास होणं मला परवडणारं नव्हतं.

ऑफिसच्या कामाने मुंबईला गेलो, तेव्हा वाकडी वाट करून नाशिकहून आमचा तांब्याचा बंब उचलून आणला. दोहाच्या विमानतळावर अधिकाऱ्याने त्याच्या मधल्या नळीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "चहासाठी?" आंघोळीसाठी, असं म्हटल्यावर त्याने फार दयेने मला सोडून दिलं.

बंब मागच्या अंगणात नुसता मांडला असता तरी भागलं असतं. पण मी पडलो इंजिनियर. उष्णता वाया जाऊ नये म्हणून पगार घेणारा माणूस. आंघोळी उरकल्यावर बंबातली उरलेली धग फुकट जाणार, हे मला बघवेना. मी बेत केला, की बंबाला एक मोठं पिंप जोडायचं, त्याला ग्लासवूलची जाड गोधडी पांघरायची, पंपाने पाणी बंबातून पिंपात फिरवायचं आणि तिथून थेट बाथरूमच्या नळाला. आज पेटवा, उद्याही न्हा!

"आईंना आंघोळ करायचीय, रिफायनरी नाही काढायची," बायको म्हणाली.

इंडस्ट्रियल एरियातून आलेला बीडकडचा फिटर बराच वेळ बंबाभोवती फिरला. "सायेब, बंबाला बी पंप?"

"यल्ला, चला, लागा कामाला," मी म्हणालो.

वाळवंटात कँपिंगला जाणाऱ्यांसाठी इथे थंडीत लाकडांच्या गोण्या मिळतात, त्यातली एक आणली. शुक्रवारी सकाळी आईने पदर खोचून जाळ केला. धूर भिंतीपलीकडे गेला आणि थोड्याच वेळात शेजारचा इजिप्शियन गृहस्थ मसाला लावलेल्या कोंबडीचं ताट घेऊन हजर झाला. कोळसे तयार झाले का, म्हणून विचारायला. आईने नाकाला पदर लावला, पण हसली. किती दिवसांनी हसली!

दुसऱ्या दिवशी ती लाकडं घेऊन अंगणात आली, तोवर आमच्या सगळ्यांच्या आंघोळी झाल्या होत्या. "पेटवायची गरजच नाही. कालचंच पाणी कढत आहे," मी छाती फुगवून सांगितलं. तिने लाकडं परत गोणीत ठेवली.

त्याच आठवड्यात म्हणाली, "माझं तिकीट बघ."

"का? पाण्याला ऊब नाही?"

"ऊब आहे रे. पण तिकडे मी बंब पेटवल्याशिवाय तुझ्या बाबांची आंघोळ अडायची. इथे माझ्यावाचून काहीच अडत नाही."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला फार वाईट वाटलं. मी फिटरला पुन्हा बोलावलं आणि पंप, पिंप, सगळं काढून टाकायला लावलं.

"चांगलं चाललं होतं की, सायेब!"

"म्हणूनच. खलास करा."

शिवाय गीझर बिघडल्याचं मी घरात जाहीर केलं. बायकोने माझ्याकडे रोखून पाहिलं.

आता रोज सकाळी आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून, बादल्या घेऊन अंगणात रांगेत उभे असतो. "आजी, आय विल मिस माय बस!" लेक ओरडते. "मग लवकर उठायचं. आणि गरम घेतलंस तेवढं गार बंबात वरून ओत," आई बजावते. तिकिटाबद्दल विचारायची माझी छाती होत नव्हती.

परवा रांगेत कुडकुडत बायकोने मला मुद्दाम मोठ्याने विचारलं, "गीझर कधी दुरुस्त होणार?"

बंबात लाकूड सारता सारता आईच म्हणाली, "कशाला घाई? मी आहे ना इथे."