टाचणीचा लाल दोरा

माझ्या धाकट्या बहिणीला सगळे टाचणी म्हणतात. नाव मी ठेवलं, ती नऊ वर्षांची असताना, आणि त्याबद्दल तिनं मला अजून माफ केलेलं नाही. पण ते चिकटलं तिच्याच गुणानं. अंगानं बारीक, बोलणं टोकदार, आणि पुढे शिवणकामाला लागल्यावर तर ओठांत कायम सहा-सात टाचण्या. एकदा एक गिऱ्हाईक बाई आपली कंबर दोन इंच कमी सांगू लागली. ओठांतल्या टाचण्या न काढता ही म्हणाली, "कंबर तुमची, टेप माझी. दोघींत खोटं कोण बोलतंय ते कपडे घातल्यावर कळेलच." ती बाई अजून हिच्याकडेच शिवते.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. दोन मशिनी, कापायचं टेबल, इस्त्री, आणि मागच्या दारी दोन मोठ्या बादल्या. नवं कापड आधी भिजवून वाळवायचं, म्हणजे शिवल्यावर आटत नाही. त्यात एखादं रंग सोडणारं निघालं तर बादलीतल्या सगळ्याचं वाटोळं. म्हणून टाचणीचा नियम होता: रंग जाणाऱ्या कापडाच्या कोपऱ्याला लाल दोऱ्याची गाठ मारायची. लाल दोरा दिसला की ते वेगळं ठेवायचं. त्यावर कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

दुसऱ्या मशीनवर तिची सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला धड बटणही लावता येत नव्हतं. तीन वर्षांत ती अशी काजं करायला लागली की टाचणी गिऱ्हाइकांना कपडा उलटा करून दाखवायची. सुनेला मात्र म्हणायची, "ठीक आहे. दोरा जरा जास्त घालवतेस." हे तिचं कौतुक. आणि सुनेलाही ते कौतुक म्हणूनच पोचायचं, इतकं दोघींचं जमलेलं.

सुनेला दिवस गेले. चौथ्या महिन्यात दवाखान्यात रक्त दिलं, तर सोमवारी नर्सबाईनं बोलावून घेतलं. दार लोटलं आणि सांगितलं की एचआयव्हीची पहिली तपासणी पॉझिटिव्ह आलीय.

"पण ही नुसती चाळणी असते," नर्सबाई म्हणाली. "तिच्यात कधी कधी चांगला दाणाही अडकतो. पुढच्या तपासण्या झाल्याशिवाय काहीच ठरत नाही. शुक्रवारी या."

नवरा सामानाची गाडी घेऊन परगावी गेलेला. सून घरी आली आणि टाचणीच्या मशीनपाशी खाली बसली. सगळ्यात आधी तिनं सासूला सांगितलं. स्वतःच्या आईलाही नाही. ही गोष्ट माझी बहीण मला जितक्यांदा सांगते, तितक्यांदा इथे अडखळते.

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शुक्रवारपर्यंत थांबू. तोवर काज करत बस, मन रमेल." इथपर्यंत तिचं काही चुकलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिनं मला फोन केला. "दादा, त्या आजारात घरात काय काळजी घेतात रे?"

मला त्यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. गावच्या शाळेत सातवीपर्यंत पुष्कळ काही शिकवलं, पण 'मला माहीत नाही' असं म्हणायला कुणी शिकवलं नाही. मी म्हणालो, "तिच्या वस्तू जरा वेगळ्या ठेव. मनात काही न आणता." हे शेपूट जोडल्यावर मला वाटलं, आपण फार समजूतदार बोललो.

आता टाचणीला वस्तू वेगळी ठेवायची एकच रीत ठाऊक. सुनेच्या कपाच्या कानाला तिनं लाल दोरा बांधला. मग टॉवेलाच्या कोपऱ्याला, मग सुयांच्या उशीला. जगात दुसऱ्या कुठल्या सुनेला तो दोरा कळला नसता. हिला दारातूनच कळला.

त्याच कपातून चहा प्यायली, कप विसळला आणि स्वतःच्या हातानं बाजूच्या फळीवर एकटा ठेवला. टाचणीनं ते पाहिलं आणि मान खाली घालून मशीन मारत राहिली.

शुक्रवारी निकाल आला. पुढच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. पहिलीच चुकली होती. टाचणीनं चपलाही न काढता कात्री घेतली आणि तिन्ही दोरे कापून टाकले. सून दारात उभी राहून बघत होती.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"निकाल उलटा आला असता तर हे दोरे राहिलेच असते ना?"

टाचणीला 'छे गं' म्हणता आलं असतं. पण मापात खोटं तिला कधी जमलं नाही. म्हणाली, "राहिले असते."

"कपानं, टॉवेलानं काही होत नाही, हे नर्सबाईनं सोमवारीच सांगितलं होतं. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही."

"दादाला विचारलं होतं."

"मामांना काय कळतंय त्यातलं?"

हे वाक्य बहिणीनं मला जसंच्या तसं पोचवलं. माझी तक्रार नाही.

आठ दिवसांत मुलगा आणि सून एक भाड्याची खोली बघून आले. ते कळल्यावर टाचणी एकटीच दवाखान्यात गेली आणि गरोदर बायकांच्या रांगेत बाकावर जाऊन बसली. शेजारची म्हणाली, "आजी, कितवा महिना?"

"एकसष्टावं वर्ष," टाचणी म्हणाली. "अजून अक्कल यायचीय."

नर्सबाईनं तिला तासभर समजावलं. कशानं होतं, कशानं होत नाही, औषधं कोणती चांगली निघालीत, खरोखर आजार असला तरी बाळ निरोगी कसं जन्मतं. सुई प्रत्येकीनं आपापली वापरावी, पण सगळ्यांनीच. एकीचीच वेगळी काढायचं कारण नाही. घरी येऊन टाचणीनं ते सगळं सुनेसमोर उभं राहून म्हणून दाखवलं, पाढे म्हणावेत तसं.

सुनेनं काजावरची नजर काढली नाही. "म्हणजे आता नसते बांधले?"

"आता नसते बांधले. पण तेव्हा बांधले, ते काही पुसलं जात नाही."

तिनं ते काज पुरं करून दोरा तोडला. मग सून म्हणाली, "महिनाभर थांबते. मग सांगते."

त्याला आता अकरा महिने झाले. नात झाली, बसायला लागली, चिंध्यांच्या ढिगात लोळते आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. त्यामुळे टाचणीला तोंडात टाचण्या धरायची बंदी झालीय, आणि ती ओठ रिकामे ठेवून कशीबशी माप घेते. सून दुकानातच आहे, हसते, बोलते. पण राहते म्हणाली नाही, जाते म्हणाली नाही. टाचणी नातीला उचलायच्या आधी प्रत्येक वेळी विचारते, "घेऊ का?"

गेल्या आठवड्यात मला राहवलं नाही. म्हटलं, "विचारून टाक ना एकदाचं, राहणार की जाणार."

सल्ला द्यायची माझी खोड अजून गेलेली नाही. या वेळी मात्र बहिणीनं तो घेतला नाही.

"नाही दादा," ती म्हणाली. "तिच्यासाठी मला चार दिवस धीर धरवला नाही. आता मी किती थांबायचं ते तिनं ठरवावं."