अपमान कुणाचा झाला?

सरांनी घास थुंकला तो माझ्या ओढणीवर.

मऊ भात, वरण, वर तूप. मीच कालवला होता, मीच भरवत होते. अर्धी वाटी संपली होती. मग एकदम थांबले, माझ्याकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "तू कोणाची?"

"मी तुमची काळजी घ्यायला येते, सर."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. माझं होतं ते.

त्यांनी तोंडातलं थुंकलं. मग दोन बोटं घशात घातली, आधी गिळलेलंही बाहेर काढायला. खोकला लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पाठ चोळायला हात पुढं केला तर झटकला.

रविवार सकाळ होती. सीवूड्सला चौदाव्या मजल्यावरचा तो हॉल माणसांनी भरलेला. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. सगळी हयात त्यात गेली. आता त्यांना विस्मरणाचा आजार. बायको वारली हे विसरले. पोटच्या मुलीला, मेधाताईंना, आई म्हणायचे. स्वतःचं नाव विचारलं तर चाचपडायचे. पण दर रविवारी त्यांचे जुने विद्यार्थी जमायचे. तेही आता रिटायर झालेले. सरांना व्हीलचेअरवर मधे बसवायचे आणि आत्मा, मोक्ष असलं काहीतरी वाचायचे. त्या महिन्यात बुद्ध चालू होता.

मेधाताई आतून धावत आल्या. त्यांनी आधी सरांचं तोंड पुसलं. मग मला म्हणाल्या, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. जुने संस्कार आहेत, आजारात वर येतात." आणि आवाज खाली आणून, "पुढच्या वेळी विचारलं ना, तर जोशी सांगा. तेवढंच. चार घास पोटात जातील त्यांच्या."

मी म्हटलं, "पण माझं नाव..."

तेव्हा नाना बोलले. सरांच्या विद्यार्थ्यांपैकी, तेच वाचन घ्यायचे. वाईट माणूस नव्हे. माझ्या गुडघ्याची चौकशी करायचे. ते हसून म्हणाले, "अहो मावशी, तुम्ही तर बौद्ध ना? आत्ता आम्ही तेच वाचत होतो. तुमचा बुद्धच सांगतो, 'मी' असं काही नसतं. मग नाव कसलं आणि आडनाव कसलं? अपमान झाला तरी कुणाचा?"

कुणीतरी हसलं. मोठ्यानं नाही. चांगला मुद्दा निघाला की हसतात तसं.

मीही हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले. ओढणी धुवायला बाथरूममध्ये गेले. नळ सोडला. हात थरथरत होते, आणि डोक्यात एकच. बरोबर बोलले का ते? 'मी' नसेल तर हे थरथरतंय ते काय?

दुसऱ्या दिवसापासून मी जोशी झाले.

सर विचारायचे, मी सांगायची. एकदा म्हणाले, "कुठले जोशी?" माझं माहेर साताऱ्याकडचं, म्हणून तोंडात आलं, "वाईचे." लगेच पुढचा प्रश्न, "देशस्थ का?" मी मेधाताईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "हो." सरांचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या घरात वर्षभर मी त्यांना आंघोळ घातली होती, डायपर बदलले होते, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून दिली होती. पहिल्यांदा डोक्यावर हात आला. पण तो वाईच्या कुणा जोशीणबाईच्या डोक्यावर होता. ती बाई जन्मालाच आली नव्हती.

सर नीट जेवायला लागले. वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, छान काळजी घेताय. मेधाताईंनी मला दिवाळीला साडी घेतली.

आणि माझं काहीतरी बिघडलं. झोप उडाली. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की कुठं जायचं ते कळायचं नाही. आम्ही राहतो खांदेश्वरला. रविवारी पहाटे विहारात वंदना असते. तिथं हात जोडून म्हणायची, मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही. आणि नऊ वाजता सीवूड्सला जाऊन जोशी. विहारातल्या ओळी लहानपणापासून पाठ होत्या. पाठ असलेल्या गोष्टी टोचत नाहीत. आता टोचायला लागल्या.

मग एक दिवस सीवूड्सच्याच एका लॅबमध्ये माझाच रक्ताचा रिपोर्ट आणायला गेले. चक्कर येत होती म्हणून तपासणी केली होती. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "नाव?"

मी म्हटलं, "जोशी."

ती पाकिटं चाळत राहिली. परत एकदा चाळली. मग म्हणाली, "मॅडम, या नावाचा रिपोर्टच नाहीये."

खरं नाव सांगायला तोंड उघडलं, तर क्षणभर आठवेना. खरंच आठवेना. सरांचं कसं होत असेल ते त्या क्षणी कळलं. रिपोर्ट न घेताच बाहेर पडले.

चालत सुटले. करावे गाव ओलांडून पार खाडीपर्यंत. तिथं एक म्हातारी सुकट वाळत घालत होती. मी तिच्यासमोरून तीनदा गेले असेन. ती म्हणाली, "कोन पायजे गो तुला? कोनाला शोधतंस?"

मी तशीच मागं वळले.

तिथून घरी गेलेच नाही, सरळ विहारात. भंतेजी झाडू मारत होते. पन्नाशीचा माणूस, आधी महापेला एका कारखान्यात मशीनवर होता. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "भंतेजी, 'मी' नाहीच, तर नाव बदललं म्हणून काय बिघडलं? मला एवढं का लागतंय?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. मला वाटलं पाली बोलतील. ते म्हणाले, "ताई, खोटं नाव कुणाला हवंय? तुला हवंय का?"

"नाही."

"मग कुणाला हवंय?"

"त्यांना. घास गिळायला."

"मग 'मी' कुणाचा मोठाय? तुझा का त्यांचा?"

मी खाली पायरीवर बसले.

"बुद्ध म्हणाला, आत कायमचं असं काही नाही. शरीर बदलतं, मन बदलतं, सवयी लागतात. का म्हणाला? जन्मानं कुणी वर नाही, कुणी खाली नाही, कारण वर-खाली राहायला आत कुणी बसलेलंच नाही. हे ऐकून ज्यानं आपली जात सोडायची, तो तुला सांगतोय, बाई, तू तुझं नाव सोड. आणि तू सोडलंस."

"मेधाताई म्हणतात, जुने संस्कार आहेत."

"संस्कार म्हणजे घडवलेलं. घडवलेलं मोडतं. रोज खतपाणी घातलं तर मात्र मोडत नाही."

खतपाणी कोण घालत होतं? मीच. तीन वेळा, वाटी-चमच्यानं.

पुढच्या रविवारी हॉल पुन्हा भरला होता. मी सरांसमोर बसले. पहिला घास पुढं केला. त्यांनी विचारलं, "तू कोणाची?"

मी माझं नाव सांगितलं. आडनावासकट, मोठ्यानं. मग म्हटलं, "मी बौद्ध आहे, सर. जोशी सांगत होते ते खोटं होतं."

सरांनी ओठ घट्ट मिटले. मान फिरवली.

मेधाताई म्हणाल्या, "मावशी, हे काय? उपाशी राहतील ते!"

"तुम्ही भरवा."

"माझ्या हातून खात नाहीत, माहितीय ना तुम्हाला. सांगा ना जोशी. प्लीज. आजारी माणूस आहे तो."

ते खोटं नव्हतं. म्हातारा जीव, वजन वाढूनही हाडं दिसणारा. आणि वर्षभर माझ्या हातानं जगलेला. त्याची उपासमार माझ्या तोंडातल्या एका शब्दावर ठेवली होती. ती मी ठेवली नव्हती. पण उचलायला मलाच सांगत होते.

मी वाटी मेधाताईंच्या हातात दिली.

नाना घसा खाकरून म्हणाले, "मावशी, अहंकार बाजूला ठेवा जरा. मागं आपण बोललो होतो ना..."

"तुम्ही बोलला होता, नाना. मी हसले होते. अपमान कुणाचा झाला, असं विचारलंत. आज सांगते." माझा आवाज फाटत होता, तरी थांबले नाही. "आत कुणी नाही, हे मी पुस्तकात वाचलं नाही. रोज बघते, यांना आंघोळ घालताना. बायको गेली डोक्यातून. लेक गेली. शिकवलेलं सगळं गेलं. स्वतःचं नाव गेलं. एवढं सगळं गेल्यावर यांच्यात उरलंय काय? माझी जात विचारणं. एरवी तुम्ही आत्मा आत्मा म्हणता, तो हाच का?"

कुणी हसलं नाही. एक बाई चष्मा पुसत राहिल्या. सर खिडकीकडं बघत होते. त्यांना काही कळलं नसावं. ज्यांना कळत होतं ते जमिनीकडं बघत होते.

मी पर्स घेतली आणि निघाले. लिफ्टची वाट बघायचा धीर नव्हता. चौदा मजले पायऱ्या उतरले, दुखऱ्या गुडघ्यानं.

मला कामाला पाठवणाऱ्या ब्युरोवाल्या मॅडमनी संध्याकाळी फोन करून झापलं. पेशंटशी असं वागतात का, म्हणाल्या. चार दिवसांनी मेधाताईंचा फोन आला. "मावशी, नीट जेवत नाहीत हो ते. परत या ना."

"येते. कुठल्या नावानं येऊ?"

मागं टीव्ही चालू होता, तो ऐकू येत राहिला.

"मावशी, समजून घ्या ना."

"मेधाताई, सरांना नाही कळणार. पण तुम्ही तर आजारी नाही."

त्यांनी फोन ठेवला. सर जेवले की नाही, मला माहीत नाही. त्यांचा विचार येतो. खोटं कशाला सांगू, आंघोळीच्या वेळेला हमखास येतो. पण गेले नाही.

आता नवीन घरी गेलं की दारातच पूर्ण नाव सांगते, पेशंटलाही आणि घरच्यांनाही, हात धुवायच्या आधी. दोन घरांनी दुसऱ्या दिवशी नको म्हणून कळवलं. कारण सांगितलं नाही. मी दोन्हीकडं परत गेले, बेल वाजवली आणि कारण विचारलं. एकानं दार लावून घेतलं. दुसऱ्यानं खाली बघत काहीतरी पुटपुटलं. उद्या तिसऱ्या घरी जायचंय. तिथंही सांगणार. तिथंही नको म्हणाले, तर तिथंही बेल वाजवणार.