फाटकाचं घुंगरू

दहावीला मज्जासंस्थेचा धडा शिकवून स्टाफरूममध्ये आले, तोच पुतण्याचा फोन. "काकू, आई गेली..." आई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, सुमनताई. सिन्नरजवळच्या मळ्यात शेवंती तोडता तोडता कोसळल्या. शुगर होतीच, हार्ट अटॅकचं निमित्त झालं. माझ्या मनात पहिला विचार आला, शेवटी गोडानं घात केलाच. लिहितानाही लाज वाटते, पण आला.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश. जरा नजर चुकली की फाटकातून थेट हायवेला. म्हणून ताईंनी फाटकाला बैलाच्या गळ्यातलं घुंगरू बांधलं होतं. भाकरी थापताना, फुलं निवडताना, जेवताना त्यांचा एक कान तिकडेच. कुत्र्यानं फाटक ढकललं तरी हातातलं टाकून धावायच्या. चार वर्षं हेच. अंगानं सुटत गेल्या, शुगर चढत गेली. मी पडले विज्ञानाची बाई! मी ठरवून टाकलं, या चोरून खातात. एकदा पाहुण्यांसमोर त्यांच्या हातातला पेढा काढून घेतला. ताई ओशाळं हसल्या. "मी नाय गं खात, वर्षा. जिवाला घोर लय हाय, तेवढंच."

"घोरानं शुगर वाढत नाही, ताई," मी म्हटलं.

मागच्या मे महिन्यात, शाळेला सुट्टी म्हणून, सासूबाईंना नाशिक रोडला माझ्याकडे आणलं. त्या महिन्यात ताईंची शुगर चक्क उतरली. मी ताईंना लिहून दिलेल्या डाएट चार्टची टिमकी सगळ्या नातेवाइकांत वाजवली. जूनमध्ये ताईंनी एकदाच विचारलं, "अजून थोडे दिस ठेवशील का आईला?" नोकरीचं कारण सांगून मी मोकळी झाले.

तेराव्यानंतर त्यांचे डॉक्टर भेटले. म्हणाले, "पथ्य चोख होतं हो त्यांचं. पण माणूस सतत धास्तावलेला राहिला की शरीर रक्तात साखर सोडत राहतं, इन्सुलिनला दाद देत नाही." हे तर मी दरवर्षी फळ्यावर काढते... भीती वाटली की पळायला बळ हवं, म्हणून नसांच्या हुकमानं यकृत साखर सोडतं. पोरांना मार्कही देते त्याचे. घरातलं माणूस चार वर्षं पळायच्या तयारीत उभं होतं, ते मला दिसलं नाही.

सासूबाई आता माझ्याकडे असतात. ताईंचं घुंगरू माझ्या दाराला आहे. काल जेवताना ते वाजलं आणि मी घास टाकून धावले. दारात शेजारीण होती. परत येऊन बसले तरी छाती धडधडतच होती. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"सुमन, जेवून घे गं आधी."

इतक्या वर्षांत ताईंना मी एवढं एक वाक्य कधी म्हटलं नव्हतं.