ऱ पाहिजे होता

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझ्या बापाचं नाव होतं. भास्कऱ्या. सगळी टीम बघत होती. कोणीतरी खुदकन हसलं. मला राग आला नाही. मी ते नाव पुन्हा वाचलं तेवढं.

नगरला सावेडीत आमचं ऑफिस. आम्ही एक सॉफ्टवेअर बनवतो. कोणत्या फाइलीत कोणी काय बदललं, ते सगळं जपून ठेवतं. जुनं काही पुसू देत नाही. त्यात एक चूक आहे, सगळ्यांना ठाऊक असलेली. मराठीतला ऱ संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अखंड अक्षर, नाहीतर साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, म्हणजे टिंब. डोळ्यांना दोन्ही सारखेच. आमचं सॉफ्टवेअर मात्र एकाच नावाच्या फाइलीला दोन फाइली समजतं. ही चूक दाखवणारी चाचणी, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, आमच्या टीमच्या सरांनी लिहिली होती. ती तपासून मंजूर करायचं काम माझं.

चाचणीला फाइलीचं नाव लागतं, ऱ असलेलं. पायऱ्या चाललं असतं. कैऱ्या चाललं असतं. सरांना भास्कऱ्या आठवला.

सर माझ्याच गावचे, पारनेरकडचे. त्यांच्या घरच्या डेअरीवर माझे वडील दुधाचे कॅन धुवायचे. सर तेव्हा शाळकरी पोरगा. ओट्यावर पाय हलवत बसायचे आणि हाक मारायचे, "ए भास्कऱ्या, सायकल पूस." वडिलांच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. ते म्हणायचे, "आलो दादा." गावात भास्करराव होते, भास्करअण्णा होते. बौद्धवाड्यातला तेवढा भास्कऱ्या. मी एकदा विचारलं, बाबा, तुमचं नाव भास्कर हाय ना?

"व्हय," ते म्हणाले. "कागदावर हाय."

मीटिंग संपल्यावर मी सरांकडे गेले. नाव बदलाल का, असं विचारलं. तेही हळू आवाजात, जशी काही चूक माझीच होती. सरांना खरंच नवल वाटलं.

"अगं, ऱ पाहिजे होता. पहिलं सुचलं ते टाकलं. त्यात काय एवढं?"

खोटं बोलत नव्हते. तेच बोचलं. दावा धरून लिहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं. मग त्यांनी आठवण करून दिली की काम आजच पाठवायचंय. मला नोकरीत कायम करायचा निर्णयही त्यांच्याकडेच आहे, हे हसत हसत सांगितलं.

जागेवर येऊन मी चाचणी चालवली. अपेक्षेप्रमाणे ती नापास झाली आणि पडद्यावर हिरवी ओळ आली. आमच्यात तशी सोय आहे. चूक आधीच माहीत असेल तर चाचणीवर खूण करायची, 'माहीत असलेली चूक'. मग नापास झाली तरी सगळं ठीक आहे असंच दिसतं. त्या ओळीकडे मी बघत बसले. आख्खं गाव आठवलं. सगळ्यांना माहीत. सगळं हिरवं.

मंजुरीचं बटण एकच. बोट त्यावर गेलंसुद्धा. तेव्हा लक्षात आलं, इथं मंजूर होऊन आत गेलेलं पुसलं जात नाही. उद्या कोणी नाव बदललं तरी इतिहासात भास्कऱ्या राहणार आणि मंजूर करणारी म्हणून मी राहणार. कागदावर तरी माझा बाप भास्कर होता. तेवढंही मी माझ्या हातानं देऊन टाकायचं?

नामंजूर केलं. कारणाच्या जागी लिहिलं, 'हे माझ्या वडिलांचं नाव नाही. त्यांचं नाव भास्कर. चाचणी बरोबर आहे, नाव बदला.' ते सगळ्या टीमला दिसलं. कोणी मान वर केली नाही.

सर माझ्या खुर्चीपाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "चारचौघांत कशाला? आपण एका गावचे ना?"

"व्हय," मी म्हणाले. ऑफिसात गावचं बोलणं पहिल्यांदाच तोंडात आलं. "म्हणून तर तुमाला खरं नाव ठाऊक पायजे हुतं."

ते आपल्या जागेवर निघून गेले.

संध्याकाळ झाली. नाव तसंच आहे, चाचणी बाहेरच आहे. नोकरीचं काय होईल सांगता येत नाही. भीती वाटते. वडिलांना फोनवर यातलं काही सांगितलं नाही. पण भास्कऱ्या माझ्या मंजुरीनं आत जाणार नाही. ज्याला ऱ पाहिजे, त्यानं तो दुसरीकडे शोधावा.