बाळाबाईची डावी बाजू

बाळाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चारला उठली नाही तर गल्लीतल्या नळावर तिची घागर मागं जायची आणि पुढची सगळी कामं लांबायची. पाणी, चूल, भाकरी, सासूचा चहा, नवऱ्याचा डबा. एवढं उरकून ती चालत उद्यमनगरातल्या आमच्या फाउंड्रीत यायची. आठचा भोंगा व्हायच्या आत तिचे हात वाळूत असायचे.

मी शालू. कोअर शॉपमध्ये तिच्या शेजारच्या पाटावर बसत होते. ऑइल इंजिनचा ओतीव भाग आतून पोकळ हवा असला की साच्यात भाजलेल्या वाळूचा एक तुकडा ठेवावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. वाळूत तेल आणि काकवी मळायची, लाकडी पेटीत ठोकून भरायची, पेटी अलगद उघडायची आणि कोअर भट्टीला द्यायचा. हात जड पडला तर तो तडकतो, हलका पडला तर ढासळतो. पगार नगावर होता. फुटलेल्याचं काही मिळत नसे. बाळाबाईचे क्वचितच फुटत.

ही एकाहत्तर सालची गोष्ट. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एके दिवशी दुपारी तिच्या उजव्या कुशीत कळ आली. हातातली पेटी तिनं पुरी भरली, कोअर फळीवर ठेवला आणि मगच आडवी झाली. वाळूच्या हातगाड्यावर घालून आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

डॉक्टरीणबाईंनी कृष्णाताला, तिच्या नवऱ्याला, नीट सांगितलं होतं. बाईच्या पोटात गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोष असतात. हिच्या उजव्या बीजकोषावर गाठ झाली, गाठीच्या वजनानं तो देठात पिळला, रक्त थांबलं आणि तो काळा पडला. काढावा लागला. डावा चांगला आहे. कृष्णात आमच्याच फाउंड्रीत भट्टीवर होता. कामाला वाघ, बोलायला गरीब. घरी येऊन त्यानं एवढंच सांगितलं की उजवी बाजू काढली.

त्याच्या आईला सगळे आक्का म्हणत. आक्काचं म्हणणं असं, की उजव्या बाजूचा मुलगा आणि डाव्या बाजूची मुलगी. तेव्हा मुलगा गेला. राहिली डावी, तिचा नंबर एका महिन्याआड, म्हणजे तीही अर्धीच. गल्लीत हे सगळ्यांना पटलं. तसं कुणी तपासून बघितलं नव्हतं.

आक्का तिला बयाबाईकडं घेऊन गेली. बयाबाई जोतिबाची भक्तीण, बायका तिच्याकडं नवस बांधून घ्यायला जायच्या. तिनं नवस सांगितला तो असा. पाळी होऊन न्हाणं झालं की पुढचे पंधरा दिवस एक वेळ जेवायचं आणि नवऱ्यापासून लांब, घोंगड्यावर झोपायचं. मुलगा झाला तर त्याच्या वजनाचा गूळ देवाला.

बाळाबाईनं वर्षभर नवस पाळला. अर्धवट काम करणं तिला जमत नव्हतं. एका वेळच्या भाकरीवर ती दिवसभर वाळू ठोकायची, आणि तिचा नग कमी झाला नाही. दिवस मात्र राहिले नाहीत.

मग आक्कानं सांगून टाकलं. चैत्राच्या यात्रेपर्यंत वाट बघायची. नाहीतर कोडोलीच्या भावाची मुलगी कृष्णाताला करायची. बाळाबाईला कुणी हाकलत नव्हतं. पाणी भरायला ती राहिली असती. कृष्णात होही म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याचं गप्प बसणं तिला आक्काच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि दवाखान्यात गेली. बायकांच्या वॉर्डात अमीरबी नावाची नर्स होती, तिनंच हिचे टाके काढले होते.

"बाई, माझ्यात काय राह्यलंय ते सांगा. धीर देऊ नगा. खरं सांगा," बाळाबाई म्हणाली.

अमीरबीनं तिला मागच्या कट्ट्यावर बसवून सांगितलं. ते बाळाबाईनं मला दुसऱ्या दिवशी पाटावर बसून जसंच्या तसं सांगितलं, आणि पुढं ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना सांगितलं.

बीजकोष बदामाएवढा असतो. त्यात बारीक बारीक बीजं असतात. दर महिन्याला काही बीजं वाढायला लागतात, पण बहुतेक वेळा एकच पुरं पिकतं, बाकीची सुकतात. पिकलेलं बीज कोषातून फुटून बाहेर येतं. शेजारी नळी असते, ती त्याला ओढून घेते. ते दिवसभर टिकतं, जास्त नाही. तेवढ्यात पुरुषाचं बीज भेटलं तर गर्भ. पुरुषाचं बीज तीन-चार दिवस वाट बघू शकतं, म्हणून आधीचे दिवस मोलाचे. बीज गेल्यावर त्याची रिकामी जागाही बसून राहत नाही. तिच्यातून रस सुटतो आणि गर्भाशयात आतून मऊ अस्तर तयार होतं. गर्भ आला नाही की अस्तर गळतं. तीच पाळी. आणि एक कोष गेला तर दुसरा त्याचं काम उचलतो, एक महिना सोडून नव्हे, दर महिन्याला.

"तू रजेवर असलीस म्हणून कोअर थांबत्यात व्हय?" बाळाबाई मला म्हणाली. "माझ्या पाटावर दुप्पट होत्यात."

तिनं अमीरबीला विचारलं होतं, बीज कधी सुटतं? अमीरबी म्हणाली, पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी. त्याआधी दोन-तीन दिवस अंगावर अंड्यातल्या पांढऱ्यासारखं चिकट पाणी जातं, ती खूण. मग बाळाबाईनं नवसाचे पंधरा दिवस सांगितले. अमीरबीनं कपाळाला हात लावला.

"म्हंजे बी येतंय तवा तू घोंगड्यावर. आन ते सुकून गेलं की तू नवऱ्याजवळ. आगं, मग देवानं पोर काय पत्र्यावरनं टाकायचं?"

दोघी हसल्या म्हणे. पण घरी येताना बाळाबाईचं ठरलं होतं.

नवस मोडायचा नाही, हे तिला पक्कं होतं. मोडला असता तर कृष्णातच भ्याला असता. ती थेट बयाबाईकडं गेली आणि जाताना आक्काला बरोबर घेतलं, म्हणजे मागून शब्द फिरायला नको. तिनं बयाबाईला एकच प्रश्न केला. पंधरा दिवस देवाला हवेत, ते देणार. पण न्हाणं झाल्यावरचेच पंधरा पाहिजेत, असं देव म्हणाला होता काय?

बयाबाईनं तंबाखू मळून दाढेला धरली.

"देवानं पंधरा मागितलं," ती म्हणाली. "कुठलं, ते मीच सांगितलं."

"मग पाळीच्या आधीचं पंधरा चालतील?"

"त्याला चालतील. तुझ्या सासूला इचार."

आक्का म्हणाली, देवाशी बाजारातल्यासारखी घासाघीस कसली करतेस. बाळाबाई म्हणाली, "आत्ती, एक दिवस कमी करत न्हाय. मागचं पुढं करतीया."

रात्री तिनं कृष्णाताला सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. शेवटी ती म्हणाली, "तुमाला दुसरी करायची असंल तर आज सांगा. करायची नसंल तर तेबी आजच सांगा. गप बसलेलं मला चालणार न्हाय." कृष्णात म्हणाला, "न्हाय करायची." लग्नानंतरच्या पाच वर्षांत तो आईच्या विरुद्ध पहिल्यांदा बोलला, आणि तेही आई शेजारी जागी असताना.

लगेच काही झालं नाही. पहिल्या महिन्यात पाळी आली, दुसऱ्या महिन्यातही आली. अमीरबीनं बजावलं होतं, सगळं चांगलं असलं तरी महिने जातात, हात सोडायचा नाही. तिसऱ्यांदा पाळी आली त्या दिवशी बाळाबाईनं एक कोअर फोडला. मी तिच्याकडं बघितलं नाही. तिनं वाळू गोळा केली, परत मळली आणि पेटी भरली.

माघात पाळी आली नाही. फाल्गुनातही आली नाही. पण पक्कं होईपर्यंत तिनं घरात सांगितलं नव्हतं. चैत्रात आक्का यात्रेला निघाली तेव्हा कोडोलीचा भाऊ बोलणी करायला गाडी घेऊन दारात उभा होता. बाळाबाई घागर घेऊन येत होती, ती तिथंच ओकली. आक्कानं तिच्या डोक्यावरची घागर स्वतः उतरवून घेतली आणि भावाला सांगितलं, पोरीला दुसरीकडं बघ.

सातव्या महिन्यापर्यंत ती कामावर आली. नेहमीच्या पगाराचे पैसे ती सासूच्या हातात द्यायची. जेवणाच्या सुट्टीत मात्र ती जादा कोअर करायची, आणि त्यांचा पगार वेगळा बांधून ठेवायची. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी मुलगी झाली. आक्का पाळण्याकडं बघत म्हणाली, डावी बाजू, मी सांगितलंच होतं. अमीरबी तिथंच होती. ती म्हणाली, मुलगा का मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, बाजूवर नाही, पोराला विचारा तुमच्या. मग बाळाबाईकडं वळून म्हणाली, ही जन्माला येतानाच आपली सगळी बीजं घेऊन आलीय. पुढं नवीन एकही तयार होणार नाही. बरीच वयात यायच्या आधीच सुकतील, तरी जन्माला पुरून उरतील.

बाळाबाईनं मुलीच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढच्या चैत्रात ती मुलीला घेऊन जोतिबाला गेली. नवस मुलग्याचा होता, मुलीसाठी गूळ कोण तोलतं, असं आक्का वाटभर म्हणत होती. बाळाबाईनं पदराची गाठ सोडली. सुट्टीत केलेल्या जादा कोअरचे ते पैसे होते. एका पारड्यात मुलगी बसवली, दुसऱ्यात गूळ. पारडी बरोबर झाल्यावर तिनं गुळाचा आणखी एक खडा टाकायला लावला, आणि त्याचेही पैसे मोजून दिले.