मामांच्या यंत्रातलं बांडगूळ

पोस्टातून निवृत्त झाल्यावर आमच्या मामांनी पत्रांचा सूड घेतला: आता ते जगभर रेडिओवरूनच गप्पा मारतात. आवाज लांब पोचावा म्हणून त्यांनी स्वतः अॅम्प्लिफायर बांधला होता. त्यातली जाडजूड काचेची नळी वर्षानुवर्षं चालली आणि परवा गेली. निळा भडका, ‘फट्’, घरभर जळका वास. दुसरी लावली, तीही तशीच गेली. मामांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं, तरी मीटरचा काटा उड्या मारत होता. आता एकच नळी उरली होती. ती गेली की समुद्रापलीकडच्या दोस्ताशी बोलणं कायमचं बंद.

यंत्रात अशी नकोशी लहर उठते, त्याच्याच विजेवर पोसते आणि नळी खाते. मामा तिला बांडगूळ म्हणतात.

“बांडगूळ शिरलंय!” मामा ओरडले. “कुणी न विचारता बडबडतंय, वर आयतं खातंय!”

स्वयंपाकघरात आयता चहा पीत बसलेल्या मेहुण्यांचा कप थबकला. मामीचा हा भाऊ चार दिवसांसाठी आला होता. त्यानंतर घराला दोनदा रंग देऊन झाला.

“अहो, हळू! ऐकलं ना त्याने,” मामी कुजबुजली.

“ऐकू दे की! कुठे लपलंय तेच कळत नाही.”

“लपेल कशाला? समोर बसलाय.”

मामांनी समोर पाहिलं. तिथे यंत्रच होतं. ते आणखी गोंधळले.

तेवढ्यात मेहुणे बॅग घेऊन दारात. “येतो भावजी. तुमचं यंत्र मी आतून पुसलं, त्याचं हे बक्षीस!”

“आतून? काय काय केलंत?”

“काही नाही हो. नळीच्या डोक्यावर तार गुंडाळलेलं काळं बोंडुक होतं. जळकं दिसलं, काढलं. छान लांब वायर लावली.”

मामांनी यंत्राचं झाकण उघडलं. “अहो, तेच तर बांडगुळाला आवरत होतं! कुठंय?”

मेहुण्यांनी बॅगेची किल्ली पुढे केली. बोंडुक तिला लटकत होतं. दिसायला छान होतं म्हणे.

मामांनी ते तपासलं, लांब वायर काढून जागच्या जागी डाग देऊन जोडलं, शेवटची नळी बसवली. त्यांनी बटण दाबलं तेव्हा मामीने डोळे मिटले. काटा हलला नाही. थोड्या वेळाने खरखरीतून दोस्ताचा आवाज आला: “होतास कुठे?”

“घरात बांडगूळ होतं रे,” मामा खुशीत म्हणाले.

मेहुण्यांनी पुन्हा बॅग उचलली. पण राहिलेले कपडे भरायला ती उघडावी, तर किल्ली गायब. मामा म्हणतात, मेहुणे जाऊ नयेत म्हणून मामीने लपवली, मामी म्हणते मामांनी. मला विचाराल तर दोघंही खरं बोलतायत.